बीमरमध्ये (लाटेक्स या टाइपसेटिंग प्रणालीत स्लाइड बनवायचं साधन) प्रत्येक क्लिकला मजकूर आणि आकृती हलते, जागेवर कशी ठेवू? गाईड म्हणतात, 'एवढं चालतं.'

नाही चालत. तुमच्या प्रश्नातलं गाईडचं ते वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले, कारण तेच मी आमच्या स्टाफरूममध्ये ऐकून घेतलेलं आहे.

मी ऐरोलीला इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. आमच्या वर्गांत वेगळा पडदा नाही, प्रोजेक्टर थेट व्हाइटबोर्डवर पडतो. त्यामुळे स्लाइडवरच्या आकृतीवरच मार्करने खुणा करता येतात, आणि ती सोय मला फार आवडते. एका सेमिस्टरला हा विषय एका सीनियर सरांनी आणि मी वाटून घेतला होता, म्हणून मी त्यांच्या तासाला मागे बसले होते. उदाहरण नेहमीचंच: ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला बीम, मधोमध २० किलोन्यूटनचा लोड. सरांनी लोडच्या बाणापासून सरळ खाली तुटक रेघ ओढली. खालच्या आलेखांत शिअर फोर्सची उडी आणि बेंडिंग मोमेंटचं टोक याच रेघेवर येणार, असं सांगितलं आणि क्लिक केलं. उजव्या सपोर्टच्या बाहेर रिअ‍ॅक्शनचं लेबल उमटलं, १० किलोन्यूटन. लेबलामुळे आकृती उजवीकडे रुंद झाली, आणि ती स्लाइडच्या मध्यावर बसवलेली असल्याने अख्खा बीम डावीकडे सरकला. मार्करची रेघ होती तिथेच राहिली. सर बोर्डाकडे पाठ करून बोलत होते.

सेमिस्टरच्या शेवटी फायली तपासताना बऱ्याच जणांकडे कमाल मोमेंट ३० किलोन्यूटन-मीटर, अगदी बरोबर, पण टोक लोडच्या उजवीकडे. सरांना दाखवलं. 'मुलांचं लक्ष नसतं मॅडम, एवढं चालतं.' अहो, लक्ष होतं म्हणूनच बोर्डावर दिसलं तसं उतरवलं ना त्यांनी!

त्यामुळे माझं मत ठाम आहे: जे बदललेलं नाही ते तसूभरही हलता कामा नये. नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते. सगळंच हललं तर नवीन काय आलं हे मुलाला शोधत बसावं लागतं.

आता तुमचं. 'ओन्ली' ही कमांड लपवलेल्या मजकुरासाठी जागा राखून ठेवत नाही, 'अनकव्हर' ठेवते, म्हणून 'अनकव्हर' वापरा. निम्मी उडी तिथेच थांबते. बीमर मजकूर उभ्या दिशेने मध्यावर आणतं, म्हणून फ्रेमला, म्हणजे स्लाइडला, स्मॉल 'टी' पर्याय द्या, म्हणजे मजकूर वरून सुरू होतो. एकाच जागी आलटून-पालटून मजकूर यायचा असेल तर ठरावीक रुंदी-उंचीचा 'ओव्हरलेएरिया'. शेजारी चित्र असेल तर कॉलम्सना कॅपिटल 'टी', नाहीतर डावीकडचा मजकूर वाढला की उजवीकडचं चित्र खालीवर होतं. आकृती टिक्झमध्ये (लाटेक्समध्येच आकृत्या काढायचं पॅकेज) असेल तर सुरुवातीलाच बाउंडिंग बॉक्स, म्हणजे आकृतीची बाहेरची चौकट, ठरवून टाका; सरांच्या स्लाइडमध्ये एवढी एकच ओळ कमी होती. बाहेरून आणलेली चित्रं पायरीगणिक वेगवेगळी क्रॉप करू नका, सगळी एकाच मापाच्या कॅनव्हासवर ठेवा.

याला कोणी नखरे म्हटलं तर सांगा, बीमरची पहिली आवृत्ती टिल टँटाऊ यांनी २००३ मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी केली होती. समोर उभं राहून समजावणाऱ्याची गरज म्हणूनच ते जन्मलं. शिकवणाऱ्याने अर्धा तास जास्त बसायचं की साठ मुलांनी चुकीचं उतरवायचं, यात 'चालतं' म्हणण्यासारखं काय आहे?

हो, ओव्हरलेएरियाची उंची अंदाजाने द्यावी लागते. कमी पडली तर मजकूर खालच्या ओळींवर चढतो. आणि प्रत्येक क्लिकला पूर्ण वेगळंच काही दाखवायचं असेल तर हा खटाटोप नको, सरळ वेगळ्या फ्रेम करा. गाईड पॉवरपॉइंटच मागत असतील तर आधी शेवटची, भरलेली स्लाइड तयार करा, तिच्या कॉपी काढा आणि मागे मागे जात एकेक गोष्ट पुसत या. त्याआधी टेक्स्ट बॉक्स वरून सुरू होणारा ठेवा आणि अक्षरं आपोआप लहान करणारं ऑटोफिट बंद करा.