प्रोसेसरच्या एअर कूलरची पहिली चाचणी: आधी एवढं सांभाळा

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नवा कूलर बसवल्या बसवल्या तापमानाचे आकडे टिपायला घेतलेत, हे छान केलंत. पण तुम्ही म्हणता तसं नुसतं 'प्रोसेसर ७८ अंशांवर आला' यावरून कूलर चांगला की वाईट, काहीच ठरत नाही. खोलीचं तापमान किती होतं? सकाळी २४ आणि दुपारी ३२ असेल, तर तोच कूलर दुपारी साधारण ८ अंशांनी वाईट दिसणार. म्हणून पंखा जिथून हवा ओढतो तिथे थर्मामीटर ठेवा, प्रोसेसरच्या तापमानातून तो आकडा वजा करा आणि तुलना त्या फरकाचीच करा. सुरुवातीला हे एक जमलं तरी अर्धं काम झालं.

दुसरं, घाई नको. लोड, म्हणजे जड काम, दिल्यावर प्रोसेसर काही सेकंदांत तापतो, पण हीटसिंकचा (कूलरमधल्या उष्णता शोषून घेणाऱ्या भागाचा) धातू सावकाश तापतो. तापमानाचा आलेख सपाट होईपर्यंत थांबा. सहसा १५-२० मिनिटं पुरतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पंखा ऑटोवर सोडतात. वेग एकच ठेवा.
- प्रोसेसर किती वॅट वीज खातोय ते बघत नाहीत. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, मग तापमान आटोक्यात दिसतं आणि कूलर उगाच भाव खाऊन जातो. पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा, ठरवून टाका.
- एकदाच बसवून निकाल देतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून, नवी लावून पुन्हा बसवा. दोन-तीन अंश निव्वळ बसवण्यात इकडे-तिकडे होऊ शकतात.

आणि हो, कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढलीय ना? आधी ते बघा. आवाजाचं मोजमाप सध्या राहू द्या, फरक दोनदा सारखा आला की त्याकडे वळू.