महिन्याभरात कादंबरी : चौघींची तयारी

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी येत्या नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी ५०,००० शब्दांची मराठी कादंबरी लिहिणार आहोत. ‘नॅनोरायमो’ (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) नावाचं हे आव्हान चालवणारी संस्था बंद झाली म्हणतात. मग नाव कुठे नोंदवायचं? ऑक्टोबरात तयारी काय करायची?

उत्तर : १९९९च्या जुलैत ख्रिस बेटी यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात २१ जणांसह हा उपक्रम सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात आला. संस्थेने मार्च २०२५मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. नोंदणीवाचून काही अडत नाही, तुम्ही चौघी पुरेशा आहात.

पण आकडा आधी बदला. ५०,००० हा इंग्रजीतला हिशेब आहे. आपल्याकडे विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. त्यामुळे मराठीत ४०,००० शब्द झाले, तरी मजकूर भरपूर होतो. त्यात २०२६ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. फराळ, पाहुणे आणि भाऊबीज धरून पाच दिवस आत्ताच सोडून द्या. उरले २५. म्हणजे रोज १,६००.

एवढे शब्द जमतील का, हे अंदाजाने ठरवू नका. ऑक्टोबरात तीन वेगवेगळ्या दिवशी २५ मिनिटांचं घड्याळ लावून लिहा आणि शब्द मोजा. ४०० होत असतील, तर पाच-पाच मिनिटं थांबत चार फेऱ्या, म्हणजे जवळपास दोन तास लागतील. ते दोन तास कुठले, हे घरच्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा. कथानक उत्तम असूनही कादंबरी बाराव्या दिवशी थांबते, ती बहुधा हे तास ठरलेले नसतात म्हणून.

मग कथानक. ३२ कोरी कार्डं घ्या, प्रत्येकावर एक प्रसंग दोन ओळींत लिहा : कोण, कुठे, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं. प्रसंगाला सरासरी १,२५० शब्द धरले की ४०,००० भरतात. सुरुवातीची दहा आणि शेवटची चार कार्डं पक्की हवीत. मधली काही कोरी राहिली तरी हरकत नाही, पण शेवट माहीत नसेल तर दुसऱ्या आठवड्यात पात्रं नुसती चहा पीत बसतात. कार्डं झाली की एकत्र बसा आणि एकमेकींना तीनच प्रश्न विचारा : मुख्य पात्राला काय हवं आहे? कोण आडवं येतं? हवं ते मिळालं नाही तर त्या पात्राचं काय जाईल? तिसऱ्याला उत्तर नसेल, तर कथानक अजून कच्चं आहे.

प्रश्न : रोज लिहिलेलं एकमेकींना वाचायला द्यावं का?

उत्तर : महिनाभर अजिबात नको. अभिप्राय, अगदी कौतुकाचासुद्धा, लिहिणारीला पहिल्या प्रकरणाकडे परत ओढतो. ती तिथे दुरुस्त्या करत बसते आणि शब्द पुढे सरकत नाहीत. रात्री ग्रुपवर फक्त आकडा टाका. कुणी अडली तर दहा मिनिटं फोनवर बोला, पण तिचे प्रसंग तुम्ही सुचवू नका, तिलाच बोलू द्या. तीन दिवस बुडाले तर ४,८०० शब्दांची बाकी होते. ती रविवारी एका बैठकीत फेडायला गेलात, तर सोमवारी हात चालत नाही. बारा दिवस रोज एक फेरी जास्त करा.

प्रश्न : एक मैत्रीण वहीत लिहिते, दुसरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करते. शब्द कसे मोजायचे?

उत्तर : वहीची पाच भरलेली पानं मोजून सरासरी काढा आणि पुढे पानं मोजा. जुना फॉन्ट मात्र ऑक्टोबरातच सोडा, कारण दुसऱ्या संगणकावर ती अक्षरं अगम्य दिसतात. युनिकोड (कुठल्याही संगणकावर नीट दिसणारी अक्षरं) कीबोर्डवर हात बसायला दोन आठवडे द्या. बोलून टाइप करणाऱ्यांनी पूर्णविराम त्याच दिवशी घालावेत, आठवड्याने आपलंच वाक्य कुठे तोडायचं ते कळत नाही. आणि रोजचा मजकूर रात्री स्वतःलाच ईमेल करा, वहीच्या पानांचे फोटोसुद्धा.