बालवाडीतला पाऊस, बिया आणि सावल्या : ताई आणि पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत एकच अडचण दिसते. ऋतू तक्त्यावर आहे, मुलांच्या हाताला मात्र लागत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला 'पावसाळा' हा शब्द शिकवावा लागत नाही. ओली छत्री टेकवली की जमिनीवर किती मोठं थारोळं होतं, हे त्याला रोज बघायला मिळालं पाहिजे. म्हणून खाली एका दिवसाच्या कार्यक्रमांपेक्षा महिना-महिना चालणाऱ्या खेळांवरच भर दिला आहे.

प्रश्न : लालबागच्या चाळीत एका खोलीत बालवाडी चालते. मुलं २०, ताई एक, मदतनीस एक. जून ते सप्टेंबर बाहेर नेता येत नाही. 'रेन डे'ला निळे कपडे आणि कागदी होड्या झाल्या की पुढे काय करायचं तेच सुचत नाही.

खोली लहान असेल तर वीसही जणांनी एकच गोष्ट करणं आधी थांबवा. वीस मुलं, एक परात आणि रांग, की भांडणं सुरू झालीच म्हणून समजा. पाच-पाच मुलांचे चार कोपरे करा : पाणी, पानं-बिया, ठोकळे आणि 'दुकान'. मुलांना आपापल्या मनाने कोपरा बदलू द्या. फक्त पाण्याच्या कोपऱ्यात पाच रुमाल टांगून ठेवा. रुमाल मिळाला तर जागा आहे, नाही तर नंतर यायचं. मुलं हा नियम दोन दिवसांत आपला आपण पाळायला लागतात.

पाण्यासाठी मोठी परात, तिच्यात दोन इंच पाणी, खाली जुनी सतरंजी. सोबत नरसाळं, गाळणं, पळी, उंच बारीक बाटली आणि बसका रुंद डबा. बाटली आणि डबा यांत मावणारं पाणी सारखंच असेल असं बघून निवडा. मुलं बाटलीतच जास्त पाणी आहे असं ठामपणे सांगतील. त्यांची चूक दुरुस्त करू नका, पुन्हा ओतायला द्या. परातीशी मदतनीस ताईंनी सतत बसायचं, कारण लहान मुलाला दोन इंच पाणीही धोक्याचं असतं. वर्ग सुटताना परात रिकामी करून पालथी घाला, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

दुकानाच्या कोपऱ्यात छत्री दुरुस्तीचं किंवा भाजलेल्या कणसांचं दुकान चालतं. ठोकळ्यांनी मुलं रूळ मांडतात आणि पाणी तुंबलं म्हणून गाडी थांबवतात. घरी रोज कानावर पडतं तेच खेळात उतरतं. त्या वेळी शिकवायला जाऊ नका. 'प्रवासी आता घरी कसे जाणार?' एवढं विचारून बाजूला व्हा.

आता पाऊस मोजणं. आमच्या मते पावसाळ्यातला हा सगळ्यांत मोलाचा खेळ आहे आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही. सरळ बाजूंची एक लिटरची बाटली घ्या आणि जिथून ती निमुळती होते तिथे कापा. कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. तळाचा फुगीर-खोलगट भाग मोजमाप बिघडवतो, म्हणून तळात खडे घाला आणि भिंती सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरून शून्याची रेघ मारा. बाटली दोन विटांमध्ये गच्चीवर उघड्यावर ठेवा. खिडकीच्या गजांना बांधली तर भिंत आणि छज्जा पाऊस अडवतात, आकडा कमी येतो, हीच नेहमीची चूक. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतं. तुम्ही वर्ग भरल्यावर मोजा, पण वेळ रोज तीच ठेवा.

छोट्या गटाला मिलिमीटर कळणार नाहीत. म्हणून रंगीत कागदाची पट्टी बाटलीला लावा, पाण्याच्या उंचीएवढी कापा आणि त्या दिवसाच्या मुलाला भिंतीवर चिकटवू द्या. मग बाटली पुन्हा शून्याच्या रेघेवर आणा. दोन आठवड्यांत भिंतीवर आलेख तयार होतो आणि मुलं 'बुधवारी जास्त पडला' असं बोटाने दाखवतात. सोमवारची पट्टी दोन दिवसांची असते, तिला वेगळा रंग द्या. पाऊस पडला नाही त्या दिवसाची जागा मोकळी सोडा. मुलांना 'काहीच नाही' हेही मोजता येतं हे दिसायला हवं.

मोठ्या गटासाठी एक गोष्ट करून बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढी लांब पट्टी जमिनीपासून भिंतीवर लावा. छोट्या गटातलं मूल तिच्याशेजारी उभं राहिलं की ती जवळपास त्याच्या डोक्यापर्यंत येते. रोजच्या बोटभर पट्ट्यांशेजारी ती बघून मुलं काय म्हणतात ते ऐका.

पानांच्या कोपऱ्यात अळू आणा, पण चिरू किंवा चुरगाळू देऊ नका. कच्च्या अळवाने हात आणि तोंड खाजतं. पान देठाने धरायचं, वर ड्रॉपरने एक थेंब सोडायचा आणि पान हलकेच कलतं करायचं. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळतो, पान कोरडंच राहतं. मग तोच थेंब रुमालावर, वर्तमानपत्रावर, प्लास्टिकच्या पिशवीवर. 'कोण पाणी पितं, कोण पीत नाही' अशा दोन टोपल्या मुलंच करतात. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार नंतर कधीतरी आजीच्या तोंडून ऐकला की त्यांना तो आपोआप उमगेल.

प्रश्न : कापसावर मूग पेरतो. तिसऱ्या दिवशी वास येतो, बुरशी धरते. मुलं हिरमुसतात. (बालवाडी ताई, अंधेरी)

बहुतेक वेळा मूग बुडून मरतात. बीला ओल हवी तशी हवाही हवी. वाटीत पाणी साठलं आणि कापूस चिंब झाला की हवा पोचत नाही, बी कुजतं. त्यात प्रत्येक मूल प्रेमाने येता-जाता पाणी घालतं, म्हणजे दिवसाला वीसदा.

मूग रात्रभर, सहा ते आठ तास भिजवा. तरंगणारे आणि फुटलेले काढून टाका. कापूस भिजवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये. एका वाटीत पाचच दाणे, एकमेकांना न टेकता. रोज सकाळी एका मुलाने ड्रॉपरने सात-आठ थेंब द्यायचे, बाकीच्यांनी थेंब मोजायचे. दमट जुलैत हे करूनही बुरशी आली, तर कापूस सोडा आणि मातीकडे वळा. दुधाच्या पिशवीला तळाशी चार भोकं, तीन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. बोटाचं पहिलं पेर बुडेल एवढं भोक पाडून दाणा टाकायचा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतो. खत-माती हाताळल्यावर साबणाने हात धुणं त्याच खेळाचा भाग समजा.

धान्य किराणा दुकानातलं घ्या. बियाण्याच्या पाकिटातले गुलाबी किंवा हिरवे रंगवलेले दाणे औषध लावलेले असतात, ते मुलांच्या हातात नकोत.

एक वाटी खिडकीत आणि एक बंद कपाटात ठेवा. कपाटातलं रोप जास्त उंच होतं, पण पिवळं आणि लुळं. मुलं 'कपाटातलं जिंकलं' म्हणतील. म्हणू द्या. मग तेही खिडकीत आणा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

प्रश्न : खेळायची कणीक पावसाळ्यात चिकट होते आणि दोन दिवसांत खराब होते. (बोरिवली)

दोष मिठाचा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली ओल ओढून पाझरायला लागतं, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा त्याच्या वरच असते. न शिजवलेली कणीक या दिवसांत टिकत नाही. शिजवून करा : एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा तेल. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळा. गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की उतरवा आणि कोमट असताना मळा. हे चार मुलांना पुरतं. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांनी टाकून द्या. हाताला जखम असलेल्या मुलाला मीठ झोंबतं, त्याला त्या दिवशी भिजवलेली माती द्या. मुलांना कणीक तोंडात घालू देऊ नका, मीठ फार आहे.

प्रश्न : गणपतीच्या आधी मुलांकडून शाडूच्या मूर्ती करून घेतो. सुकताना हात-सोंड गळून पडतात. साच्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून काढल्या तर चालतील का? (गिरगाव)

प्लॅस्टर नको. पाण्यात मिसळल्यावर ते घट्ट होताना तापतं, जाड थरात भाजण्याइतकं. मुलाचा हात त्यात बुडवून ठसे घेण्याचा प्रकारही त्याच कारणाने टाळा. आणि साच्यातून निघालेल्या मूर्तीत मुलाच्या बोटांना कामच उरत नाही.

शाडूत पाणी थोडं थोडं घालत मळा. हाताला चिकटणं थांबेपर्यंत मळायचं, मग ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सोंड गळते कारण ती नुसती दाबून चिकटवलेली असते. जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, मध्ये पातळ चिखल लावा, मग दाबा. मूर्ती पेल्याहून मोठी नको. जाड गोळा बाहेरून सुकून आकसतो, आतून ओलाच राहतो आणि तडकतो. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका, पहिला दिवस वर ओलसर फडकं टाका.

मूर्तीसारखी मूर्ती झाली पाहिजे हा हट्ट मात्र सोडा. चार वर्षांच्या मुलाचा गणपती म्हणजे एक मोठा गोळा, एक छोटा गोळा आणि एक वळी. ताईंनी 'नीट' केलेली सोंड मुलाला लगेच ओळखू येते आणि पुढच्या वेळी ते स्वतः करायच्या आधीच तुमच्याकडे बघतं. मूर्ती रंगवू नका. मग ती बादलीत सोडली की पुन्हा माती होते, आणि पाणी निथळून तीच माती दिवाळीच्या किल्ल्याला वापरता येते. ती विरघळताना मुलं बादलीभोवती किती शांत बसतात ते बघण्यासारखं असतं.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलंही वर्गात आहेत. बिया-मणी द्यायचे की नाही?

तीन वर्षांखाली, ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावणारी कुठलीही वस्तू नको. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येईल. बोरन्हाणातली बोरं, चुरमुऱ्यातले शेंगदाणे, फुटलेला फुगा, सगळं यात आलं. लहानांना आंब्याची धुतलेली कोय, नारळाची करवंटी, मक्याचं बुरकुंड द्या.

मोठ्या मुलांच्या बियांतूनही दोन बाद करा : गुंज आणि एरंड. लाल-काळी गुंज माळांसाठी लोक हौसेने आणतात, पण ती अतिशय विषारी असते. चावून किंवा फोडून पोटात गेली तर जिवावर बेततं. कच्चा राजमाही बाधतो.

चणा किंवा वाटाणा नाकात गेला तर ओलीने फुगतो. पिन, चिमटा, बोट घालून काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. मुलाला तोंडाने श्वास घ्यायला सांगा आणि तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. घशात अडकून आवाज बंद झाला तर मूल पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग बेंबीच्या वर मुठीने आत-वर पाच धक्के, आळीपाळीने, आणि दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा. हे मदतनीस ताईंनाही प्रत्यक्ष शिकवून ठेवा.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. शेजारची मुलं पानभर लिहितात, आमच्या शाळेत नुसतं पाणी आणि माती. मागे पडेल का? (पालक, मुलुंड)

नाही. पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटांत ताकद लागते. ती ड्रॉपर दाबून, कणकेच्या वळ्या करून, चिमट्याने शेंगदाणे उचलून येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातूनच शिकवायला सांगितलं आहे. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला पानं, खडे, शिंपले हेच साहित्य मानलं. शाळेला 'लिहायला कधी लावणार' विचारण्याऐवजी 'आज तिने काय मोजलं, कशाचं नाव सांगितलं' हे विचारा. त्याचं उत्तर मिळालं नाही, तर मात्र काळजी करा.

प्रश्न : डिसेंबरच्या वर्कशीटवर बर्फाचा माणूस असतो. मुंबईत थंडी कशी दाखवायची? (दादर)

बर्फाचा माणूस बाजूला ठेवा आणि सावली घ्या. मुंबईचा हिवाळा अंगापेक्षा जमिनीवर जास्त दिसतो.

वाळूच्या डब्यात काठी उभी करा, टोक जमिनीपासून बरोबर ५० सेंटिमीटर उंच. आपल्याकडे सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही, साडेबारा ते पाऊणच्या सुमारास येतो. म्हणजे वर्ग सुटायची वेळ. आठवड्यातून एकदा त्याच वेळी, गच्चीवर त्याच जागी डबा ठेवून सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि तेवढा लोकरीचा धागा कापून भिंतीवर लावा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धागा साधारण ४६ सेंटिमीटर येतो, जानेवारीअखेर ३७-३८, २० मार्चच्या सुमारास १७. डब्याची जागा ऑइल पेंटने आखून ठेवा, खडूची खूण झाडलोटीत जाते. ढगाळ दिवशी धाग्याची जागा रिकामी. आणि सूर्याकडे बघायचं नाही, पाठ करून उभं राहायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा.