डॅशबोर्डमागचा शॉर्ट: आधी बल्ब लावा, मग डॅश उघडा

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती): पिकअपचं पार्किंगचं बटण दाबलं की १० अँपियरचा फ्यूज लगेच उडतो. एकानं ३० चा टाकून दिला, तर डॅशमागून जळका वास आला. आता काय करावं?

उत्तर: तो ३० चा फ्यूज आत्ताच काढा. फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवण्यासाठी असतो. त्या लाइनमधली बारीक वायर ३० अँपियर सोसत नाही. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. तिचं कोटिंग वितळून शेजारच्या चार वायरींना चिकटलं की एका शॉर्टचे पाच होतात. वास आलाच आहे, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह सोडवून ती वायर बोटांनी चाचपत जा. कडक, चकाकती किंवा फुगलेली लागली तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल.

शॉर्ट शोधण्यात फ्यूजमागून फ्यूज घालवू नका. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्या, दोन वायरींना चपट्या पिना लावून फ्यूजच्या दोन खाचांत बसवा, मग निगेटिव्ह परत जोडा. आता सरळ शॉर्ट असला तरी साधारण पावणेदोन अँपियरच जाईल. वायर तापणार नाही, निवांत शोधता येईल.

इथे एक फसगत होते. पार्किंगचे ५-५ वॅटचे बल्ब जागेवर असले तर शॉर्ट नसतानाही तुमचा बल्ब मंद पेटतो. म्हणून तेवढे बल्ब काढा, नंबरप्लेटचा विसरू नका. मग बटण दाबा. आता बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट नक्की. एकेक कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) सोडवत चला: आधी मागचा, मग पुढचे, शेवटी डॅशवरच्या मीटरचा. ज्या कपलरला बल्ब विझला त्याच्या पुढे दोष आहे. सगळे सुटूनही बल्ब पेटताच राहिला, तर बटण ते कपलर एवढ्याच तुकड्यात, म्हणजे बहुधा डॅशमागे शोधा. डॅशखालच्या लोखंडी पट्टीची धार, स्टिअरिंगच्या दांड्याचा ब्रॅकेट आणि म्युझिक सिस्टिम बसवताना घातलेला लांब स्क्रू ही तिन्ही ठिकाणं आधी बघा. वायरीच्या जुडग्यात घुसलेला स्क्रू वरून दिसत नाही. तो काढताक्षणी बल्ब विझला की चोर सापडला.

गाडीला एअरबॅग असेल तर पिवळ्या वेष्टनाच्या वायरी आणि पिवळ्या कपलरला बल्ब किंवा मल्टिमीटर (करंट मोजायचं यंत्र) लावू नका. तो भाग उघडायचा तर बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा.

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): जुना ट्रॅक्टर आहे. पांदण रस्त्यानं गेलं की हेडलाइटचा फ्यूज उडतो, डांबरी सडकेवर काहीच होत नाही.

उत्तर: वायर कुठेतरी पत्र्याला घासते आणि धक्का बसला की टेकते. आधी उडालेला काचेचा फ्यूज उजेडात धरा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर सरळ शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळलेली असेल तर लोड जास्त. जादा वॅटचे बल्ब लावलेत का बघा.

शॉर्टच असेल तर हेडलाइटचे कपलर सोडवून आधीच्या उत्तरातला २१ वॅटचाच बल्ब फ्यूजच्या जागी लावा आणि इंजिन बंद ठेवून लाकडी काडीनं वायरिंग वीतभर अंतरानं हलवत जा. बल्ब लुकलुकला की तिथेच थांबा. मीटरच्या पत्र्यातल्या भोकाची रबरी रिंग बहुतेक वेळा गळून गेलेली असते आणि वायर उघड्या धारेवर घासते. नुसती टेप गुंडाळली तर ती दोन महिन्यांत कापली जाईल. नवी रिंग घाला आणि वायर क्लिपनं बांधा.

प्रश्न (वरोरा, जि. चंद्रपूर): तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवी आहे.

उत्तर: हा शॉर्ट नाही, गळती आहे, म्हणजे गाडी बंद असतानाही करंट जातोय. सगळं बंद करा, निगेटिव्ह काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपियरवर लावा. अर्धा तास थांबून आकडा वाचा. ५० मिलिअँपियरपर्यंत ठीक. ३०० दिसले तर दिवसाला सात अँपियर-तास जातात, म्हणजे ६० अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांत अर्धी. मल्टिमीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचाच फ्यूज उडेल. आता एकेक फ्यूज काढा. आकडा ज्याला उतरला ती लाइन दोषी. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम असेल तर तिथूनच सुरुवात करा. तिची पिवळी वायर कायमच्या करंटवर आणि लाल चावीच्या करंटवर हवी. दोन्ही एकत्र पिळलेल्या असल्या तर ती रात्रभर जागी राहते.

प्रश्न (कारंजा, जि. वाशिम): सोयाबीनच्या गोदामात उभ्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडली. टेप लावून चालेल का?

उत्तर: नाही. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो आणि सांधा उघडा पडतो. तितक्याच जाडीची वायर घ्या, सांधा झाळा, त्यावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवा. ती झाळण्याआधीच वायरीवर ओवून ठेवायची. चार वायरी तुटल्या असतील तर सांधे एका रांगेत घेऊ नका, इंच-इंच मागेपुढे करा. दोन सांधे कधी उघडे पडलेच, तर एकमेकांना टेकणार नाहीत.