बडोद्यात मुलीच्या कॉन्व्हेंट शाळेत ऑक्टोबरमध्ये मरियेची (येशूच्या आईची) जपमाळ म्हणतात. आम्ही हिंदू आहोत, तिला बसावंच लागेल का?

नाही, सक्ती करता येत नाही. संविधानाच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलांना पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. मी अशाच शाळेत शिकवत होते. ऑक्टोबर हा कॅथलिकांचा जपमाळेचा महिना. मरियेच्या पुतळ्यापुढे पाच फेऱ्या, प्रत्येकीत एका मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, मग दहा लहान मण्यांवर मरियेची. वीसेक मिनिटं लागतात (निम्म्या मुलांचं लक्ष डब्याकडे). आमच्याकडे बाकीच्यांना तेवढा वेळ मूल्यशिक्षणाचा तास असे. फक्त प्रवेशअर्ज नीट वाचा, संमतीची सही तुम्ही तिथेच करून बसलेले असू शकता. तसं असेल तर मुख्याध्यापिकेला लेखी कळवा.