पायात चाल, बोटात वादळ : लुई व्हिएर्नबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लुई व्हिएर्न या फ्रेंच ऑर्गनवादकाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, जन्म १८७०, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ३७ वर्षं ऑर्गनिस्ट, डोळ्यांनी जवळपास अंध, आणि कॉन्सर्ट चालू असतानाच ऑर्गनवर गेलेला माणूस. एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्यासाठीच.

प्रश्न : ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात साथीला असायचा तोच ना? मग त्याला अख्खं कॅथेड्रल कशाला लागतं?

नाव एकच पण वाद्यं दोन. नाटकातला ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचा आणि आत पितळी पट्ट्या थरथरून सूर निघायचा, म्हणजे तो पेटीच्याच घराण्यातला. व्हिएर्नचा ऑर्गन पाईपचा. पट्टी दाबली की हवा एका नळीत शिरते आणि ती नळी बासरीसारखी किंवा सनईसारखी वाजते, प्रत्येक सुराला वेगळी नळी आणि प्रत्येक प्रकारच्या आवाजासाठी नळ्यांची वेगळी रांग. नोत्र दामच्या मोठ्या ऑर्गनमध्ये आज जवळजवळ ८००० नळ्या आहेत, हातासाठी एकावर एक पाच कीबोर्ड, आणि पायासाठी लाकडी पट्ट्यांचा सहावा. त्यातली सगळ्यात लांब नळी ३२ फुटी, म्हणजे जवळपास तीन मजले उंच, तिचा खालचा सा सेकंदाला फक्त १६ कंपनांचा, तो कानाला कळायच्या आधी बसलेल्या बाकाला कळतो! हे सगळं भिंतीत बांधलेलं असतं त्यामुळे ते हॉल किंवा चर्चपासून वेगळं काढताच येत नाही, इमारत हाच वाद्याचा भोपळा समजा.

प्रश्न : दिसत नसताना इतकं गुंतागुंतीचं वाद्य तो शिकला कसं? आणि रचना लिहायचा कसा? कोणी लिहून घ्यायचं का?

हा प्रश्न निम्म्याहून जास्त पत्रांत होता, म्हणून जरा सविस्तर.

पुआतिए गावात जन्मला तेव्हाच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सहा वर्षांचा असताना ऑपरेशन झालं आणि थोडंसं दिसायला लागलं, म्हणजे माणसांचे आकार, जवळ धरलेली मोठी अक्षरं एवढंच. पुढे पॅरिसच्या अंध मुलांच्या राष्ट्रीय शाळेत गेला, आणि या शाळेबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. याच शाळेत लुई ब्रेल शिकला आणि नंतर तिथेच शिक्षक झाला, आणि ब्रेल स्वतः पॅरिसमधल्या एका चर्चचा ऑर्गनिस्ट होता हे किती जणांना माहीत असतं? १८२९ मध्ये त्याने आपली ठिपक्यांची लिपी छापली तेव्हा त्यात संगीत कसं लिहायचं हेही होतं. पोटापाण्यासाठी म्हणून या शाळेत ऑर्गन मन लावून शिकवायचे, आणि आंद्रे मार्शाल, गास्तों लितेझ, जाँ लांगले असे नंतरचे मोठे ऑर्गनिस्ट तिथूनच बाहेर पडले. म्हणजे व्हिएर्न हा काही एकटादुकटा चमत्कार नव्हता, त्याच्यामागे एक परंपरा उभी होती, आणि मला हे चमत्कारापेक्षा जास्त सुंदर वाटतं.

आता शिकायचं कसं. ब्रेलमधलं संगीत बोटांनी वाचायचं असतं, आणि बोटं तर वाजवायला लागतात! म्हणून एका हाताने चार मात्रांचा तुकडा वाचायचा, दुसऱ्या हाताने वाजवायचा, मग हात बदलायचे, मग पायाची ओळ वाचायची, आणि तिन्ही तोंडपाठ झाल्या की मगच एकत्र. बाखची एक फ्यूग, म्हणजे एकाच चालीच्या अनेक ओळी एकमेकींत गुंफलेली रचना, अशी बसवायला किती बैठका लागत असतील याचा विचार करून बघा. पण एकदा बसली की ती कायमची आत गेली, कागदाचा प्रश्नच उरला नाही.

लिहायचं काम तो सुरुवातीला स्वतःच करायचा, मोठ्ठा कागद, त्यावर रुंद रेघा, जाड पेन्सिल आणि डोळे कागदाला जवळजवळ टेकलेले. नजर आणखी गेली तेव्हा ब्रेलकडे वळला. त्याच्या सहा ऑर्गन सिंफनी, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या रचना, आहेत, पहिली १८९९ ची आणि सहावी १९३० ची, आणि त्यातला एकेक सूर असा कागदावर उतरलाय.

प्रश्न : ‘कॉन्सर्ट ऑर्गनिस्ट’ म्हणजे नेमकं काय? चर्चमध्ये वाजवणारा आणि कॉन्सर्ट करणारा वेगळा असतो का?

बऱ्याचदा माणूस एकच असतो, पण कामं दोन. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला साथ करायची, आणि एरवी गावोगावी जाऊन लोकांपुढे स्वतंत्र कार्यक्रम करायचा. नोत्र दामची नोकरी व्हिएर्नला १९०० मध्ये स्पर्धा जिंकून मिळाली, मान मोठा आणि पगार अगदी तुटपुंजा, त्यामुळे शिकवण्या आणि कॉन्सर्ट हेच पोट. त्याच्या हाताखालून मॉरिस द्युर्युफ्ले, मार्सेल द्युप्रे, नादिया बुलांजे असे पुढे नावाजलेले संगीतकार गेले.

यातली खरी कसोटी अशी की व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन घेऊन फिरतो, ऑर्गनवाल्याला तसं करता येत नाही. जिथे जाईल तिथला ऑर्गन वेगळा, कुठे दोन कीबोर्ड तर कुठे पाच, स्टॉप म्हणजे आवाज बदलायच्या खुंट्या कुठे उजवीकडे तर कुठे डोक्याच्या वर, आणि हे सगळं एकदोन दिवसांच्या रिहर्सलमध्ये अंगात मुरवायचं. व्हिएर्न ते चाचपून पाठ करायचा. शेजारी मदतनीस उभा असतो, तो ठरलेल्या जागी खुंट्या ओढतो, आणि या कामात मदतनीस एक मात्रा चुकला तर पुढचं पानभर संगीत भलत्याच आवाजात जातं.

मी एकदा अशा ऑर्गनच्या कन्सोलशेजारी, म्हणजे वादक बसतो त्या कीबोर्डच्या मांडणीशेजारी, बसून अख्खा कार्यक्रम ऐकलाय. वादकाची बोटं पुढे गेलेली असायची आणि आवाज मागाहून यायचा, कारण काही नळ्या पार लांब होत्या, आणि तोच आवाज समोरच्या भिंतीवरून परत येईपर्यंत बोटं पुढच्या सुरावर. कानाने जे ऐकू येतंय त्यावर विसंबलं की लय ढासळते, म्हणून वादक आतल्या लयीला घट्ट धरून बसतो. कार्यक्रमभर त्याच्या पायांकडेच बघत होते, पातळ तळव्याचे बूट, कधी टाच कधी चवडा, आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले.

याच पायांसाठी एक गोष्ट सांगते. १९०६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यात खोदून ठेवलेल्या खड्ड्यात व्हिएर्न पडला आणि पाय इतका वाईट मोडला की कापायची वेळ येते की काय असं झालं. पाय वाचला, पण पेडलवरचं, म्हणजे पायाच्या पट्ट्यांवरचं, सगळं तंत्र त्याला नव्याने बसवावं लागलं, पस्तिशी उलटल्यावर! आणि हे ज्याने केलं त्याने पुढे १९२७ मध्ये अमेरिकेचा मोठा दौरा केला, नोत्र दामच्या थकलेल्या ऑर्गनच्या दुरुस्तीला पैसे उभे करायला.

प्रश्न : त्याच्याबद्दल जे वाचलं ते सगळं दुःखच दुःख. संगीतही तसंच रडकं आहे का? मग ऐकायला धीर होत नाही.

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण व्हिएर्नवर सगळ्यात मोठा अन्याय होतो तो इथेच. दुःखं खरी आहेत, मी लपवणार नाही. १९०९ मध्ये घटस्फोट, १९१३ मध्ये धाकटा मुलगा आंद्रे क्षयाने गेला, व्हिएर्न स्वतः काचबिंदूच्या उपचारासाठी काही महिने म्हणून स्वित्झर्लंडला गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकला, त्याच काळात १९१७ मध्ये सैन्यात गेलेला मुलगा जाक गेला आणि १९१८ मध्ये भाऊ रने युद्धात मारला गेला. जाकच्या आठवणीत त्याने पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी क्विंटेट लिहिलंय, ते ऐकवत नाही इतकं खोल आहे, तुम्ही त्याने सुरुवात करूच नका.

पण लोक ही यादी वाचतात आणि मग प्रत्येक सुरात अश्रू शोधत बसतात. अहो, तो कसबी माणूस होता! सेझार फ्रांक आणि शार्ल-मारी विदोर या त्या काळच्या मोठ्या ऑर्गनिस्टांकडून विद्या घेतलेली, सूर कुठे ठेवला की हॉलमध्ये कसा फुलेल हे त्याला नेमकं माहीत. पहिल्या सिंफनीचा शेवटचा भाग लावा. वर दोन्ही हात झऱ्यासारखे खळखळत राहतात आणि मुख्य चाल येते ती खालून, पायातून, एखादा धिप्पाड गवई मोकळ्या गळ्याने गात यावा तशी. यात रडकं काय आहे? उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

मग ‘कारियों द वेस्टमिन्स्टर’ ऐका, १९२७ ची रचना. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळात दर पाव तासाला वाजणारी घंटांची चाल आहे ना, तीच चार सुरांची चाल तो घेतो. सुरुवातीला अगदी हळू, लांबून ऐकू आल्यासारखी, तिच्याभोवती उजव्या हाताची बारीक नक्षी फिरत असते, मग चाल वर जाते, खाली येते, नक्षी दाट होत जाते आणि शेवटी पूर्ण ऑर्गन उघडतो तेव्हा खोलीभर घंटाच घंटा होतात. चार सूर, दुसरं काही नाही, आणि सहासात मिनिटांत माणूस एवढा महाल उभा करतो. ही रचना त्याने ऑर्गन बांधणाऱ्या हेन्री विलिसला अर्पण केलीय, कारागिराने कारागिराला केलेला नमस्कार म्हणा. दुःखाची यादी नंतर वाचा किंवा वाचूच नका.

प्रश्न : वाजवता वाजवता गेला हे खरं की रंगवून सांगितलेलं?

खरं आहे. २ जून १९३७ ची संध्याकाळ, नोत्र दाममधला कार्यक्रम, त्याची १७५० वी कॉन्सर्ट म्हणून ती नोंदली गेलीय. शेजारी खुंट्या ओढायला त्याचा शिष्य द्युर्युफ्ले. स्वतःची ‘त्रिप्तीक’ ही रचना त्याने पूर्ण वाजवली, तिचा शेवटचा भाग म्हणजे एका गेलेल्या मुलासाठीचा स्मृतिशिला-लेख. त्यानंतर तयारी न करता, तिथल्या तिथे दिलेल्या चालीवर वाजवायचं होतं, म्हणजे ज्याला आपण बढत म्हणू तसं काहीसं. चाल ब्रेलमध्ये लिहून त्याच्या हातात दिली, त्याने बोटांनी वाचली, आवाज निवडले, आणि पुढे कोसळला. पाय पेडलवर पडला आणि तो एकच खालचा सूर त्या प्रचंड इमारतीत घुमत राहिला. खाली बसलेल्या लोकांना वाटलं सुरुवात झाली.

कन्सोलवरच मरण यावं असं तो आधीपासून म्हणायचा.

प्रश्न : नोत्र दामला २०१९ मध्ये लागलेल्या आगीत तो ऑर्गन जळाला का?

नाही! छप्पर कोसळलं तरी ऑर्गन वाचला, पण नळ्यांवर छपरातल्या शिशाची धूळ बसली होती, म्हणून तो उतरवून, साफ करून, परत जोडून, एकेक नळी सुरात आणावी लागली. ७ डिसेंबर २०२४ ला कॅथेड्रल पुन्हा उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा साद घातली, जागा हो म्हणून, आणि दर वेळी वर बसलेल्या ऑर्गनिस्टनी तिथल्या तिथे रचून उत्तर दिलं. मी ते रेकॉर्डिंग बघताना खरंच रडले.

प्रश्न : माझ्याकडे फक्त पेटी आहे. यातलं काही वाजवता येईल का, की हे सगळं ऐकण्यापुरतंच?

तुमच्यासाठी तर खास उत्तर आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास व्हिएर्नने २४ छोट्या रचना लिहिल्या, ‘पिएस आँ स्तिल लिब्र’, आणि त्या मुद्दाम अशा लिहिल्या की पेडल नसलेल्या हार्मोनियमवरही वाजाव्यात. म्हणजे पायाची ओळ वेगळी नाही, दोनच ओळी, दोन हातांच्या. त्यात एक अंगाईगीत आहे, ‘बेर्सेझ’, आपल्या मुलीला, कोलेतला अर्पण केलेलं, फ्रान्समधल्या घराघरांतल्या अंगाईच्या चालीवर बेतलेलं.

अडचण एकच, युरोपातला हार्मोनियम पायाने भाता मारायचा असतो आणि तुमची पेटी हाताची, डावा हात भात्यात गुंतणार. म्हणून फक्त उजव्या हाताची वरची ओळ घ्या, ती एकटीसुद्धा गोड वाजते. कोणी पियानो वाजवणारं ओळखीचं असेल तर डावी ओळ त्यांच्याकडे द्या, नाहीतर भाता मारायला घरातलं एखादं पोर बसवा आणि दोन्ही हात मोकळे करून घ्या. व्हिएर्नला जाऊन सत्तर वर्षं कधीच उलटलीत, त्यामुळे नोटेशन फुकट मिळतं. लय अगदी संथ ठेवा, भाता धक्का न देता, आणि बसवलंत की मला जरूर कळवा.