नावाहोंच्या कॉलेजात प्रवेश: धडगावच्या मैत्रिणीला उत्तर

तू पत्रात मला ताई म्हटलंस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंच करते. तुझं म्हणणं मला असं समजलं: तुझ्या नवऱ्याला जे-१ व्हिसावर न्यू मेक्सिकोत शिप्रॉकजवळच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली आहे, जूनमध्ये तुम्ही निघताय, आणि तिथे नुसतं घरी बसायची तुझी इच्छा नाही. जवळच ‘ट्रायबल कॉलेज’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं कॉलेज, आहे असं तू वाचलंस. तू धडगावची, पावरा, आश्रमशाळेत शिकून डी.एड. झालेली. तेव्हा तुझं जमातीचं प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र तिथे चालेल का, फी माफ होईल का, आणि अर्ज कसा करायचा, हे तुला हवंय.

मी शेजारच्या फार्मिंग्टन गावात राहते आणि नवऱ्याच्या व्हिसावर असताना नावाहो जमातीच्या दिने कॉलेजच्या शिप्रॉकच्या शाखेत काही विषय शिकले. तेव्हा स्वतः केलेल्या गोष्टींवरूनच सांगते.

प्रमाणपत्र चालणार नाही. कारण नीट समजून घे, कारण ते कळलं की तिथलं बाकी सगळं कळतं. आपल्याकडे ‘अनुसूचित जमात’ हा राज्यघटनेतला एक वर्ग आहे, यादीत नाव असलं की राखीव जागा मिळते. तिकडे ‘ट्राइब’ म्हणजे राष्ट्र. नावाहो नेशनला स्वतःचा अध्यक्ष आहे, कायदेमंडळ आहे, न्यायालयं आणि पोलीस आहेत. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलेली सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. अमेरिकेच्या सरकारशी त्यांचा १८६८ सालचा तह आहे. त्या राष्ट्राच्या नागरिकत्वाची नोंदवही असते आणि त्यात नाव यायला किमान एक चतुर्थांश नावाहो रक्त असल्याचा पुरावा लागतो. आणि ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द ऐकलास की टक्केवारी मनात आणू नकोस. तिकडे रिझर्व्हेशन म्हणजे ती जमीन. म्हणजे तू तिथे राखीव जागेवर जाणार नाहीस, दुसऱ्या एका राष्ट्राच्या कॉलेजात पाहुणी म्हणून जाशील.

पाहुण्यांना दार उघडं आहे. देशात अशी पस्तीसच्या आसपास कॉलेजं आहेत आणि बहुतेकांत बारावी झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. गुणवत्ता यादी नाही, कट-ऑफ नाही. अपवाद दोन, केंद्र सरकारच्या ताब्यातले: कॅन्ससमधलं हॅस्केल आणि अल्बुकर्कीतली पॉलिटेक्निक संस्था, सिपी. ही दोन्ही फक्त जमातींच्या सदस्यांसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी आहेत. अल्बुकर्की तुमच्यापासून तीन तासांवर, म्हणून कोणी तरी तुला सिपी सुचवेलच; तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस. तुझ्या हाताशी दोन आहेत: दिने कॉलेज, ज्याची शाखा शिप्रॉकमध्येच आहे, आणि नावाहो टेक्निकल युनिव्हर्सिटी, ती क्राउनपॉइंटला. क्राउनपॉइंट रोज येण्याजाण्यासारखं नाही. मी तुझ्या जागी असते तर दिने कॉलेजच धरलं असतं.

हे १९६८ साली नावाहो कम्युनिटी कॉलेज म्हणून सुरू झालं. कुठल्याही जमातीने स्वतः काढलेलं आणि स्वतः चालवलेलं देशातलं ते पहिलं कॉलेज. त्याआधीच्या शंभर वर्षांत सरकारी निवासी शाळांत या लोकांच्या मुलांचे केस कापले, नावं बदलली, आणि स्वतःची भाषा बोलली म्हणून मारलं. माझ्या वर्गात साठीच्या पुढची एक बाई होती. ती भाषा समजायची, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिच्या आईने ठरवून मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठेवलं होतं, शाळेत मार बसू नये म्हणून. तू लिहिलंस ना, आश्रमशाळेत पहिलीत बाई काय बोलतात ते तुला दिवाळीपर्यंत कळत नव्हतं, कारण घरी पावरी आणि पुस्तक मराठी? ते वाक्य वाचताना मला ती बाईच आठवली. फी माफीपेक्षा या कारणासाठी तू तिथे जावंस असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. सरकारची मदत मागण्याचा फाफ्सा नावाचा अर्ज असतो. तो नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही मोजक्यांसाठी आहे, जे-२ वाल्यांसाठी नाही (जे-२ म्हणजे जे-१ वाल्याच्या नवरा-बायकोला मिळणारा, तुझा व्हिसा). अमेरिकन इंडियन कॉलेज फंडाच्या शिष्यवृत्त्याही जमातींच्या सदस्यांसाठी किंवा त्यांच्या वंशजांसाठीच. म्हणजे फी खिशातून. पण इथली फी राज्याच्या विद्यापीठांच्या मानाने खूप कमी असते आणि ती क्रेडिटवर मोजतात. एक विषय साधारण तीन क्रेडिटचा, पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे सत्राला किमान बारा क्रेडिट, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साठच्या आसपास. पहिल्या सत्रात दोनच विषय घे. चालू वर्षाचे दर कॉलेजच्या फी-पत्रकातून घे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा.

इथे एक गोष्ट मनात ठेव. १९७८ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकार या कॉलेजांना अनुदान देतं ते जमातीच्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर. तुझ्या-माझ्यासारखीच्या नावावर त्या हिशेबात एक पैसा येत नाही. आपण कोणाची जागा अडवत नाही, पण आपल्याला शिकवण्याचा खर्च त्यांच्या पदरी पडतो. म्हणून नाव घातलंस तर विषय अर्धवट सोडू नकोस.

व्हिसाचं तुझ्या बाबतीत सोपं आहे. जे-२ वर अर्धवेळ किंवा पूर्णवेळ शिकता येतं, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. तुझी बहीण थेट भारतातून असं कॉलेज गाठायचं म्हणते, तिचं मात्र वेगळं. तिला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागेल, एफ-१ साठी कॉलेजकडून आय-२० नावाचा प्रवेशाचा कागद लागेल, आणि आय-२० देण्याची परवानगी सगळ्याच ट्रायबल कॉलेजांनी घेतलेली नाही. अमेरिकन सरकारच्या ‘स्टडी इन द स्टेट्स’ या साइटवर कॉलेजचं नाव टाकून ती परवानगी आहे का ते आधी बघ, मगच पुढचं.

अर्जात माझ्या डोळ्यांसमोर जिथे माणसं अडली ते सांगते.

वंशाचा रकाना. त्यात ‘अमेरिकन इंडियन’ असा एक चौकोन असतो आणि ‘एशियन’ असा दुसरा. आपण इंडियन, शिवाय तू आदिवासी, म्हणून पहिल्यावर खूण करायचा मोह होईल. करू नकोस. आपण एशियन. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने गैरसमजातून तो चौकोन भरला. मग त्याच्याकडे नोंदणीचा दाखला मागितला गेला, नोंदी दुरुस्त होईपर्यंत त्याचा प्रवेश अडकला, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटं नाव सांगून आलेला माणूस अशी त्याच्याकडे बघायची नजर झाली. या लोकांची ओळख सांगून फायदे घेणाऱ्या परक्यांचा त्यांना फार अनुभव आहे. ‘सेन्सस नंबर’ आणि ‘चॅप्टर’ हे रकानेही नावाहो नागरिकांसाठी असतात (सेन्सस नंबर म्हणजे त्यांच्या नोंदवहीतला क्रमांक, चॅप्टर म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, असे एकशे दहा आहेत). ते कोरे सोड.

नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. डी.एड.च्या कागदावर लग्नानंतरचं असेल तर अजून वेगळं. पासपोर्टवर जसं आहे तसंच अर्जात लिही, आणि निघण्याआधी लग्नाची नोंद केल्याचा दाखला इंग्रजीत घे. इथे आल्यावर तो मागवताना जीव जातो.

गुणपत्रिका. दहावी-बारावीची तुझी मंडळाची कचेरी नाशिक विभागाची, आणि डी.एड.चे कागद पुण्याच्या परीक्षा परिषदेचे. तुला नुसता प्रवेश हवा असेल तर बारावी पुरते, पण डी.एड.चे विषय इथे धरले जावेत असं वाटत असेल तर परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून, म्हणजे वेस किंवा ईसीईसारख्या, विषयवार अहवाल करून घ्यावा लागतो. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते कॉलेजच्या रजिस्ट्रारला आधी ईमेलने विचार. बंद पाकिटं, शिक्के, सगळं भारतात असतानाच उरकून घे. मी इथे आल्यावर सुरू केलं आणि माझ्या भावाला कऱ्हाडहून चार फेऱ्या पडल्या.

लसी. गोवर-गालगुंड-रुबेलाचे, म्हणजे एमएमआरचे दोन डोस झाल्याचा तारखांसकट दाखला बहुतेक कॉलेजं मागतात. लहानपणीचं कार्ड नसेल तर धडगाव-शहाद्याला डॉक्टरांकडून आता घे. दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात. आणि क्षयाची तपासणी सांगितली तर हातावरच्या सुईऐवजी रक्ताची माग. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्याने हात उगाच सुजून येऊ शकतो आणि मग छातीचे एक्स-रे सुरू होतात.

पत्ता. रिझर्व्हेशनवर घराला नंबर आणि रस्त्याला नाव असेलच असं नाही. पोस्टात पेटी भाड्याने घ्यायची आणि तिचा नंबर टपालाच्या पत्त्यात द्यायचा. घर कुठे ते मात्र शब्दांत लिहायचं: अमक्या मैलाच्या दगडापासून इतकं आत, पाण्याच्या टाकीमागे. धडगावच्या पाड्यांचा पत्ता सांगायची सवय आहे तुला, जड जाणार नाही.

सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. जूनच्या शेवटी पोचलीस तर जुलैत अर्ज, मग इंग्रजी-गणिताची पातळी बघायची परीक्षा, मग सल्लागाराबरोबर विषय ठरवणं, एवढा वेळ पुरतो. त्या परीक्षेत नापास होणं नसतं. कमी पडलं तर खालचा वर्ग देतात. गाडीचं मात्र आधी बघ. शिप्रॉकमध्येच घर मिळालं तर ठीक, फार्मिंग्टनला राहिलात तर एका बाजूने तीस मैल, आणि तुझ्याकडे लायसन्स नसेल तर सगळं नवऱ्याच्या वेळापत्रकावर. अमेरिकेत गाडी चालवणं हाच तुझा पहिला अभ्यासक्रम समज.

पदवीला किंमत आहे का, असंही विचारलं होतंस. आहे. दिने कॉलेजला हायर लर्निंग कमिशनची मान्यता आहे, मोठमोठ्या विद्यापीठांना मान्यता देणारी तीच संस्था. क्रेडिट पुढे राज्याच्या विद्यापीठांत नेता येतात. कोणता विषय कुठे धरतात ते त्या-त्या विद्यापीठाला आधी विचारायचं, एवढंच. तुला शिक्षणातच राहायचं असेल तर तो मार्ग आहे, पण पहिल्या सत्रात नावाहो भाषेचा वर्ग सोडू नकोस असा माझा हट्ट आहे. भाषा कशी शिकवायची, पुस्तकं नसताना शब्द कसे जमवायचे, म्हाताऱ्यांना वर्गात कसं आणायचं, हे तिथे रोज डोळ्यांसमोर घडतं. तुला पावरीत मुलांसाठी काही करायचंय असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी त्या ओळीवर थांबले.

वागण्याचं थोडं. विधी चालू असताना फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, आणि नंतर खोदून विचारणंही नाही. काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात; मार्चनंतर विचारलंस तर शिक्षक शांतपणे विषय बदलतील. प्रकल्पासाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या झाल्या तर नावाहो नेशनचं स्वतःचं संशोधन-परवानगी मंडळ आहे. म्हणून आधी प्राध्यापकांशी बोल. रिझर्व्हेशनवर दारूला बंदी आहे, सामानातसुद्धा नको.

आणि एक तयारी भारतात असतानाच कर. भाषेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख चार कुळांनी द्यायची असते: आधी आईचं कूळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. मूल आईच्या कुळाचं असतं, म्हणून ते पहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी वडिलांकडचं देवक सांगितलं, कळंब, आणि थांबले. आमच्या शिक्षिका, सत्तरीच्या, गळ्यात फिरोज्याच्या माळा, खडू हातात धरून वाट बघत होत्या. “आणि आई?” एवढंच म्हणाल्या. मला आईच्या माहेरचं देवक माहीत नव्हतं. घरी आल्यावर कऱ्हाडला मावशीला फोन लावला. तिलाही नक्की सांगता येईना, तिने गावातल्या चुलत आजीला विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं. पुढच्या तासाला मी चारही सांगितली तेव्हा बाईंनी मान हलवली आणि मग मला माझ्या जागेवर बसू दिलं.

तुझी आजी अजून आहे असं तू लिहिलंस. निघण्याआधी धडगावला जाशील तेव्हा तिच्याजवळ बसून आईकडची आणि वडिलांकडची कुळं विचार, ती पावरीत जशी म्हणते तशीच वहीत उतरव. बाकी कागद मी इथून तपासून देईन. नवऱ्याचा डीएस-२०१९, म्हणजे जे-१ व्हिसासाठीचा कागद, आला की त्यावरच्या तारखा मला कळव.